अंगणातली फक्कीची बोट

॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
५ सप्टेंबर २००६

चि. तेजूस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यात आधी आली ती साळूबाई. पोस्टमनची सायकल अजून चिंचेपाशी होती आणि ही आपल्या ओट्यावर हजर, वाटी परत करायच्या निमित्तानं. ती वाटी तिनं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला नेलेली! तुझं जाडजूड पाकीट बघून म्हणे, नातीच्या स्थळाचा फोटो आला का गं नवसाबाई? मी म्हटलं, फोटोच आलाय, पण नवरदेव दहा मजली आहे.

मग काय, पाकीट फोडेपर्यंत हलली नाही. काय ती चित्रं गं बाई! पाण्यावर बोट, बोटीवर परत पाण्याचा हौद, आणि हौदात पोरंबाळं. तुझ्या आजोबांनी पुस्तक उलटं धरलं होतं, तरी त्यांना आवडलं. तुझी आई लंका पीठ मळता मळता येऊन एक एक पान बघून गेली, म्हणून गोव्याच्या पानावर कणीक लागली आहे. दिवाळीत सगळ्या घरादारासाठी खास सहल म्हणे, मुंबईहून गोवा आणि परत. पोरांना जादूगार, म्हाताऱ्यांना भजन, बायकांना मेंदी, जेवण तर उठता बसता. साळूबाईनं विचारलं, मग घरचं काम कधी करायचं? तिला कोण समजावणार.

फोनवरच सांगितलं असतं, पण फोन तुझ्या बापाच्या खाटेला लागून आहे आणि तो त्याच्याजवळ असा बसतो जसा काही फोन पळून जाणार आहे. त्यापेक्षा कागद बरा. साक्षरतेच्या वर्गातल्या बाई सांगायच्या, अक्षर कसंही येऊ द्या, ओळ सरळ ठेवा. माझी ओळ पाटाच्या पाण्यासारखी, उतार दिसेल तिकडं जाते. तू वाचून घेतेस म्हणून चालतं.

तर ऐक. गणपतीत आलीस तेव्हा गोठ्यात माझ्या कानात जे बोललीस ते कानातच आहे. बोटीवर पोरांची खोली सांभाळायची नोकरी तुला मिळते आहे आणि तुझ्या अण्णानं नाही म्हटलंय, हे गावाला ठाऊक आहे. पण अण्णानं एकदा बोट डोळ्यांनी बघावी म्हणून तू ही सहल काढलीस, हे तुला, मला आणि तांबड्या गाईला ठाऊक. गाय बोलायची नाही. माझं मी सांगू शकत नाही, पण प्रयत्न चालू आहे.

गोरक्षानं, तुझ्या अण्णानं, पुस्तक शेवटच्या पानापर्यंत बघितलं. मला वाटलं, विरघळला. तर म्हणतो कसा, बोट चांगली आहे, पण हिचा पत्ता कुठं लिहिलाय? पोर पिंपळगावला असली तर पिंपळगावची एसटी धरावी, देवळालीला असली तर देवळालीची. बोटीवरच्या पोरीला ताप आला तर बापानं कुठल्या फाट्यावर उतरायचं? ज्या नोकरीला पत्ता नाही ती नोकरी नाही, आणि नोकरीच नाही तर सहल कशाला. एवढं बोलून फवारणीचा पंप पाठीला लावून गेला. मी त्याची आई आहे, मला कळतं. रागावला असता तर ताट सरकवून गेला असता. हा जेवून गेला, म्हणजे भ्यालाय.

सोबतचा इंग्रजी कागद मी भरला. खाली नुसती चौकशी आहे, पैसे लागत नाहीत, असं तू पेन्सिलनं लिहिलं होतंस म्हणून धीर केला. प्रत्येक रेघेवर तू मराठीत खूण करून दिलीस ते बरं झालं. घरातली माणसं, नाव आणि वय, तिथं मात्र जागा पुरेना. मग मी खुंटीवरची दसऱ्याच्या तोडणीची यादी काढली आणि तिच्यावरून बघून मागच्या कोऱ्या बाजूला सगळी नावं उतरवली. दसऱ्याला जो आपल्या झेंडूत वाकतो, आपल्या चुलीवर जेवतो, तो आपल्या घरातला, हे तुझी पणजी सांगून गेली आहे. सत्तावीस भरले. आपल्या वाळू गड्याला त्याचं वय माहीत नाही, म्हणून पुरेसं असं लिहिलं. साळूबाईला गाळणार होते, पण ती समोरच बसलेली. कागद तिकीट लावलेल्या लिफाफ्यात घालून परस्पर तुमच्या हापिसात पाठवला. आहे की नाही आजी हुशार?

बाकी मळा बरा आहे. केशरी फुलं बटणाएवढी झाली. तुझा लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर मला रडू येतं.

तुझी आजी
नवसाबाई

*

मुंबई
१४ सप्टेंबर २००६

ती. आजीस तेजूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

आजी, तू काय करून ठेवलंस! सोमवारी ऑफिसात गेले तर आमचे सहली ठरवणारे राजसाहेब टेबलावर चढून नाचायचे तेवढे राहिले होते. नाशिकचं एकच कुटुंब, सत्तावीस माणसं, आणि चौकशी थेट हस्ताक्षरात! त्यांनी तुझा कागद फळ्यावर टाचून ठेवला. मी जवळ जाऊन वाचला. सहावा वाळू, वय पुरेसं. बाराव्या साळूबाई. मी तिथंच खुर्चीत बसले.

अगं, घरातली माणसं म्हणजे तू, आजोबा, अण्णा आणि आई. बोटीवर एका केबिनीत चारच माणसं मावतात. मी खरं सांगणार होते, पण तेवढ्यात आमच्या मोठ्या मॅडम, मंजुषा मॅडम, म्हणाल्या की एवढ्या मोठ्या कुटुंबाला पत्रानं नाही, घरी जाऊन भेटायचं. सहल या घराला मानवेल की नाही ते समोरासमोर ठरवू. त्या आणि राजसाहेब रविवारी, १ ऑक्टोबरला, आपल्याकडे येत आहेत. मी दुसरी तारीख मिळते का बघितलं. १ म्हणजे खंडेनवमी, दुसऱ्या दिवशी दसरा, सगळी माणसं मळ्यात आणि अण्णा कुणाशी बोलायच्या मनःस्थितीत नसणार. पण मॅडमना तोच रविवार मोकळा आहे. त्या माझ्या वरच्या साहेब. घरचा गोंधळ त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

आणि आजी, माझं उत्तर. मॅडमनी माझी जागा बोट सुटायच्या दिवसापर्यंत, २० ऑक्टोबरपर्यंत, धरून ठेवली आहे. माझे कागद तयार आहेत, तोवर मी इथं किनाऱ्यावर शिकते आहे. त्यानंतर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. ती मुलगी गोव्याची आहे आणि तिला पोहता येतं. मला झेंडू ओवता येतो. अण्णांना फसवून मला जायचं नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते, पण ते पत्ता विचारतात, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मॅडमना पोह्यात साखर नको. आजोबांना सदरा घालायला सांग. माझ्यावर रागवलीस तरी चालेल, फक्त लिहीत राहा.

तुझी
तेजू

*

॥ श्री ॥
मखमलाबाद
४ ऑक्टोबर २००६

चि. तेजूस, ज्या हातांचा फुलांचा वास अजून गेला नाही त्या हातांनी आशीर्वाद.

आली तुझी माणसं आणि गेलीही. त्यांची गाडी वळणावर दिसली तेव्हा पुढं कोण झालं ते विचारू नकोस. साळूबाईच! तिनं त्यांना सख्ख्या आत्यासारखं उतरवून घेतलं आणि घरात न आणता थेट मळ्यात आणलं, कारण तिला स्वतःला तोडणी सोडायची नव्हती. मला वाटलं होतं मॅडम उंच टाचांच्या असतील. त्या तर चपला हातात घेऊन बांधावरून आल्या गं. नऊचा सुमार, सगळे सत्तावीस जण झेंडूत वाकलेले. मॅडमचे डोळे असे चमकले! बोटीवरचे पाहुणे समजून त्यांनी एकेकाला हात जोडले. वाळूला म्हणाल्या, काका, तुमच्यासाठी खिडकीची जागा ठेवू. वाळू घाबरला. पन्नाशी उलटली त्याची, वीस वर्षं आपल्याकडे आहे, पण खिडकी त्याला आजवर कुणी दिली नव्हती. मला बाजूला घेऊन विचारतो, काकू, तिकडं विळा आपला न्यायचा का त्यांचा असतोय?

मग अंगणात सतरंजी टाकली, पोहे झाले. साखर नाही घातली. गोरक्ष हात पुसून लांब पायरीवर बसला. राज पोरगा गोड आहे, बोटीचं सगळं तोंडपाठ. दारं जरा ठेंगणी असतात, उंच माणसानं मान सांभाळावी, इथपर्यंत सांगितलं. मग म्हणाला, एका केबिनीत चार जण. मी विचारलं, केवढी असते? तर म्हणे चौदा बाय दहा. मला चित्रावरून कळेना. मी म्हटलं, बाबा रे, आमच्यात वाफा बघितल्याशिवाय रोप लावत नाहीत. जमिनीवर दाखव.

शाळेच्या कबड्डीची फक्की उरली होती. वाळूनं टोपली आणली आणि राजनं पावलं मोजून मोजून अंगणात पांढरी केबिन आखली. इकडं दार, तिकडं खिडकी, इथं दोन पलंग, वर अजून दोन. दाराची जागा मोकळी सोडली. म्हटलं, चला, मानवते का बघू. तुझे आजोबा पहिले शिरले. पानाचा डबा उशाला घेतला, आडवे झाले आणि झोपले. त्यांना बोट मानवली. मी त्यांच्या पायथ्याशी टेकले. पण तुझी आई आत आली ती भिंतीच्या रेघेकडे तोंड करून, पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली. राज म्हणाला, काकू, पाय पसरा आरामात. आता सांग, ज्या बाईनं चोवीस वर्षं सासऱ्यापुढं पाय पसरले नाहीत ती गोव्याला जाऊन पसरणार? मॅडमनी काळजीनं विचारलं की मग चार रात्री कशा काढणार, तर पदराआडून आवाज आला, बसून.

साळूबाई रेघेच्या बाहेर उभी होती. मी तिला म्हटलं, बाई, तू समुद्रात आहेस. तर म्हणे असू दे, इथून नीट दिसतं.

तेवढ्यात आजोबा जागे झाले आणि त्यांना एकच शंका. एवढ्या माणसांचं खरकटं, सांडपाणी जातं कुठं, आणि खत कोण घेतं? राजला खत पाठ नव्हतं.

मग पायरीवरून गोरक्ष बोलला. सकाळपासून पहिल्यांदा. म्हणाला, लक्ष्मीपूजनाला तुमची बोट पाण्यात असणार. बाजार असा वर्षातून दोनदाच येतो. त्या दिवशी माझा झेंडू कोण तोडणार? तोडणारे सगळेच्या सगळे तुमच्या यादीत आहेत.

तेजू, तेव्हा मला कळलं की आता बोलायलाच पाहिजे. मी यादीची सगळी कथा सांगितली. खुंटीपासून साळूबाईपर्यंत. राजचं तोंड शिळ्या शेवंतीसारखं झालं. आणि मॅडम? हसायला लागल्या. चष्मा काढून पदरानं डोळे पुसले, परत लावला, वाळूकडं बघितलं, परत हसल्या. म्हणाल्या, आजी, कुटुंब म्हणजे काय ते आमच्या कागदापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, पण केबिन एवढीच आहे हो.

तर सहल आपल्या घराला मानवत नाही, हे असं ठरलं. लंका बसून राहणार, झेंडू झाडावर राहणार. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तो हौद एकदा बघायचा होता.

पण मॅडम लगेच गेल्या नाहीत. आम्ही बायका ओवायला बसलो तिथं येऊन बसल्या. फुलांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाल्या, दर दिवाळीला बोट सजवायला फुलं येतात ती माना टाकूनच. अशी ताजी मिळाली तर? हे त्यांनी मला विचारलं, पण उत्तर गोरक्षानं दिलं. म्हणाला, फुलं पाहिजे तेवढी देतो. पोरगी नाही देत.

माझ्या हातातली सुई थांबली. मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, मी फुलांचंच विचारलं होतं, दादा. तर हा अजून पुढं बोलतो, तोरणं मी स्वतः येऊन बांधणार, दुसऱ्यानं बांधलेलं तोरण एका अंगाला झुकतं. मॅडम म्हणाल्या, या.

हे एक सांगायचं राहिलं. अंगणातली फक्की अजून तशीच आहे. मी कुणाला झाडू देत नाही. काल सकाळी चूल पेटवताना बघते तर गोरक्ष बादली घेऊन नळाकडं निघालेला. रेघेवरून पाय टाकून सरळ जाता येतं. पण हा वळसा घालून फक्कीच्या दारातून आत गेला, पलंग चुकवत चुकवत पलीकडं. आणि दारातून जाताना मान खाली घातली.

मी बघत राहिले आणि भाकरी करपू दिली.

तुझ्यावर जीव आहे तो आहेच, कागदावर किती सांडणार.

तुझी आजी

*

मखमलाबाद
७/१०/०६

चि. तेजस्विनीस अण्णाचा आशीर्वाद.

मॅडमना सांगणे. सहलीला आमच्या घरून कुणी येणार नाही. नोकरीबद्दल माझं म्हणणं आहे तेच आहे.

फुलं शुक्रवारी २० तारखेला सकाळी सातला गोदीत पोच. केशरी बारा क्रेट, पिवळा आठ, आंब्याचे डहाळे वेगळे. सोबत वाळू. दोन पास लागतील असं राजसाहेब म्हणाले, त्यासाठी फोटो पाठवले आहेत. वाळूचा फोटो सहा वर्षांपूर्वीचा आहे, तो तसाच दिसतो. बोटीवर दारं किती, उंची किती, खिळा ठोकू देतात की दोरीनं बांधायचं, ते कळव. पोरांच्या खोलीचं दार आत उघडतं की बाहेर, तेही कळव. प्यायचं पाणी तिथं गोडं असतं का, असं तुझी आजी विचारते आहे.

वेळेवर जेवत जा.

गोरक्ष

(बाजूच्या कोऱ्या जागेत, वाकड्या ओळीत) मी असं काही विचारलेलं नाही. आजी.

*

बोटीवरून, गोव्याजवळ
२२ ऑक्टोबर २००६

ती. आजीस तेजूचा डोलता नमस्कार. डोलता म्हणजे, जमीनच हलते आहे म्हणून.

वर बोटीवरून असं वाचलंस म्हणजे शेवट तुला कळला. पण तो कसा झाला ते मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

अण्णा आणि वाळूकाका सातच्या आत आले. अण्णांच्या डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात पास, आणि पासवरचा फोटो असा रागीट की पहारेकरी त्यांना सलाम करून बाजूला झाला. मला बघून मान हलवली, आणि आधी वीसच्या वीस क्रेट उतरवून घेतले. मग दोघे दार दार करत निघाले. प्रत्येक दारात अण्णा मान खाली घालून शिरत होते. दारं उंच आहेत गं आजी! राजसाहेबांना कुणी काय सांगितलं होतं देव जाणे. वाळूकाका भेटेल त्या खिडकीतून बाहेर बघून घेत होते, आपली कुठली ते ठरवायला.

शेवटी ते माझ्या खोलीपाशी आले. तिथं तेव्हा मोठा कल्लोळ होता. अस्वलाचा पोशाख घातलेला आमचा एक माणूस मुलांना हसवायला आत आला आणि एक पाच वर्षांचा मुलगा त्याला बघून असा रडायला लागला की बाकीची अकरा मुलं त्याच्या सुरात मिळाली. आयांना काही सुचेना. मी अस्वलाला बाहेर काढलं, खाली पडलेली फुलं गोळा करून मधोमध ढीग केला आणि दोरा वाटला. म्हटलं, बोटीला आज माळ घालायची आहे, कोण घालणार? आपल्या मळ्यात लहान पोरांना गाठीनं ओवायला शिकवतात तसं, बिनसुईचं. पहिली हुंदके देत, मग भांडत, मग गप्प बसून सगळी ओवायला लागली.

मान वर केली तर दारात अण्णा. किती वेळ उभे होते कोण जाणे. मग आत आले, त्या रडक्या मुलाशेजारी मांडी घालून बसले आणि त्याची गाठ सोडवून परत बांधून दाखवली. देठ वर, फूल खाली, ओढायचं हळू. मला सहाव्या वर्षी दाखवली होती ती. माझ्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात भोंगा झाला. ज्यांना जायचं नाही त्यांनी उतरावं. मंजुषा मॅडम शिडीपाशी उभ्या होत्या, माझ्या उत्तरासाठी. मी सांगायला निघाले होते की नाही. खरंच, आजी, नाहीच. अण्णांना फसवायचं नाही हे मी तुला लिहिलं होतं.

अण्णा सगळ्यात शेवटी उतरायला आले. शिडीवरच्या अधिकाऱ्याला त्यांनी विचारलं, ही परत कधी येते? तो म्हणाला, मंगळवारी, सकाळी सात. त्यांनी विचारलं, दर मंगळवारी? तो म्हणाला, दर मंगळवारी. परत विचारलं, नक्की? त्यानं शपथ घ्यायचं बाकी ठेवलं. मग अण्णांनी त्याच्याच खिशातलं पेन काढून तळहातावर काहीतरी लिहिलं, पेन परत खोचलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले की पोरांच्या दारावरचं तोरण उन्हाच्या अंगाला आहे. रोज संध्याकाळी पाणी मारत जा. मंगळवारपर्यंत टिकायला पाहिजे.

आणि उतरले. मागं न बघता.

मी तिथंच उभी. मॅडमनी मला विचारलं, तोरणाला पाणी कोण मारणार? मी म्हटलं, मी.

मारते आहे, आजी. काल मारलं, आजही मारणार. फुलं ताठ आहेत. उद्या गोव्याच्या पोस्टात हे टाकते. हौद मी बघितला. तुझ्या वतीनं पाय बुडवून आले. पाणी खारट असतं.

तिकडच्या सगळ्यांना, सगळ्या सत्तावीस जणांना नमस्कार.

तुझी
तेजू

*

॥ श्री ॥
मखमलाबाद
२८ ऑक्टोबर २००६

चि. तेजूस, जमिनीवरूनच पण डोलत डोलत आशीर्वाद.

तुझं गोव्याचं पत्र आज आलं. तू भाऊबिजेला आलीस, दोन दिवस राहिलीस, गुरुवारी गेलीस, आणि आता पत्र सांगतंय की तू अजून पहिल्या फेरीवरून परतच आलेली नाहीस! साळूबाई म्हणे, पोस्टाला बोटीनं पाठवलं असेल. तरी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. हे सगळं तू तोंडानं सांगितलं होतंस, पण अण्णा समोर होता म्हणून अर्धं गिळलं होतंस. आज तोही ऐकत होता. कोयता दगडावर घासत होता, आणि त्या तोरणाच्या जागी पोचले तेव्हा घासायचा थांबला. मग म्हणाला की तिनं पाणी खालून मारलं असणार, वरून मारायला पाहिजे.

तू आलीस त्या मंगळवारी तो गोदीत किती वाजता पोचला ते त्यानं तुला सात असं सांगितलं. वाळूला विचार. साडेपाचला. पहारेकऱ्यानं चहा पाजला म्हणे. तो पास आता देवाच्या खुंटीवर आहे, यादीच्या शेजारी. तुझे आजोबा रोज त्यालाही गंध लावतात.

तुमच्या मॅडमनी मात्र कमाल केली. तुला सोडायला म्हणून आल्या आणि मला भाऊ नाही म्हणत भाऊबिजेला गोरक्षालाच ओवाळलं. तो असा लाजला, की ताटात काय घालावं हे सुचेना, आणि रुमालात बांधून झेंडूचं बी घातलं. बाई ते मुंबईला नेऊन कुठं लावणार? बोटीवर लावतील. राज परत खताचं शोधून आला होता, आजोबांना सगळं समजावून सांगितलं. आजोबांना उत्तर आवडलं नाही. तेवढं खत वाया जातं म्हणून हळहळत आहेत.

लंकेचं एक गुपित सांगते. दिवाळीत अंगण सारवायचं होतं, मी फक्की पुसू दिली नाही. तर तिनं पहाटे रेघांवरून रांगोळी काढली, खिडकीत मोर काढला, आणि दुपारी आजोबा मळ्यात गेल्यावर आत जाऊन लांबलचक पाय पसरून निजली. मी दाराबाहेर बसून राखण केली. आता जेवण झालं की आम्ही दोघी सासू सुना रोज तासभर बोटीवर असतो.

काल साळूबाई गोरक्षाला टोमणा मारायला आलीच. काय रे, मिळाला का पोरीच्या बोटीचा पत्ता? पिनकोड काय म्हणे? मला वाटलं आता हा चिडतो. त्यानं मान वर न करता सांगितलं, मंगळवार, सकाळी सात. ती वाट बघत राहिली अजून काही बोलेल म्हणून. तेवढाच पत्ता होता.

फवारणीचं ते भिंतीवरचं कॅलेंडर तुला माहीत आहे. त्यावर निळ्या शाईनं औषधाचे वार असतात, आणि दुसरं काही लिहिलं की गोरक्ष ओरडतो. आज मी तुळशीच्या लग्नाची तारीख बघायला गेले तर लाल शाई. एकतीसला तुला सुट्टी नाही म्हणालीस, म्हणून तिथं नुसती बारीक टिकली आहे. पान उलटलं की त्याच्या पुढच्या मंगळवारी मात्र चौकोनभर गोल. तू, मॅडम आणि राज जेवायला परत यायचं कबूल करून गेलात तो दिवस, ७ नोव्हेंबर.

तुझी
आजी